उजव्या कोपऱ्यावरचा माणूस

(टिकाराम, वय साठीच्या पुढे. ब्रह्मपुरीच्या बस स्टँडजवळ पंक्चर काढण्याचं दुकान. त्याआधी पगारी कबड्डीपटू. त्यांनी सांगितलं, तसं लिहिलं आहे.)

माहं गाव वैनगंगेच्या काठचं, धानाच्या मुलखातलं. आमच्या इथी पीक एकच, धान, अन् खेळ एकच, कबड्डी, तिसरं काई कोणाले येतच नव्हतं. रोवण्याच्या आधी बांधीत चिखल केला का आमी पोट्टे त्याच चिखलात पाडापाडी कराचो, माहा बाप धुऱ्यावर उभा राहून ओरडे, अरे हे धानाची बांधी होय का खेळाचं आखर होय, पण जास्त बोलेबी नाई, चिखल आपोआप तुडवल्या जाये, बैलाचा तेवढा घाम वाचे. काय सांगू तुमाले, माहं सगळं शिक्षण त्या चिखलात झालं. चिखलात माणसाचा पाय धराचा म्हणजे पोटरी धरून चालत नाई, मांडी धरून चालत नाई, सटकते, टाचेच्या वरचं हाड असते ना ते धरा लागते, अन् एकदा धरलं का डोळे मिटून घ्या लागते, मंग तो ओढो, लाथ मारो, शिव्या देवो. मी तसाच धरो. लोक म्हणत, टिकारामनं धरला का मंग देवच सोडवन.

तं त्या हातामुळं ब्रह्मपुरीच्या एका राईस मिलवाल्या सेठनं मले उचललं. सेठची टीम होती. त्याच्या मेलेल्या बापाच्या नावानं क्रीडा मंडळ, बनियनीवर पाठीमागं त्या बापाचं नाव, समोरून मिलचं नाव. तो बाप मी लहानपणी पाह्यला होता, लय जाडा माणूस, बैलबंडीतून उतरताना त्याले दोघं लागत. त्याच्या नावानं आमी धावाचो. मिलच्या कागदावर आमी सगळे हमाल, पण पोतं उचलाचं नाई, कबड्डी खेळाची. दिवाळी झाली का आमच्या झाडीपट्टीत मंडया सुरू होतात, आज या गावची, उद्या त्या गावची, दिवसा बजार अन् कबड्डीचे सामने, रातच्याले नाटक, होळीपर्यंत हेच. तेवढे दिवस आमी जीपमधे कोंबून गावोगाव. लोकाईले वाटे, काय मजा असन या पोट्ट्यायची. मजा! आता ऐका मजा.

आमचे सामने वजनी गटाचे. ठरलेल्या वजनाच्या वर एक पाव जरी भरला तं बाहेर बसा लागे. मंग वजनाच्या आदल्या दिवशी आमचे मास्तर, मास्तर म्हणजे कोच, मास्तर शाळेत भूगोल शिकवे अन् कबड्डी त्यानं नकाशातच पाह्यली असन, तो आमाले मिलमधे धान उकडाच्या भट्टीपाशी बसवे. घोंगडं पांघरून. तिथं वाफ अशी का धानाचा कोंडा नाकात शिजे. ना पाणी, ना भाकर, थुंका म्हणे, थुंकीनंबी वजन कमी होते. आमी सहा जण डुकरावानी घामावून थुंकत बसलो राहो, अन् आमचा कॅप्टन, मोरेश्वर, मोरूभाऊ, बाहेर सेठच्या खाटेवर बसून जिलबी खाये. म्हटलं मोरूभाऊ, तुमचं वजन? तं म्हणे, माही काळजी नोको करू गा, माहं जमते. कसं जमे सांगू? काट्यावर चढला का हा मास्तरच्या खांद्यावर हात ठेवे, प्रेमानं, जसा काई गुरूचा आशीर्वाद घेऊन राह्यला, अन् आपला भार तिकडं टाके. काटा पाहणारा पंच सेठचाच पाव्हणचार खाल्लेला, तो काट्याकडे पाहे, हाताकडे कोण पाहते? मास्तरचा एक खांदा मरेपर्यंत वाकडा होता. लोक म्हणत, खडू धरून झाला.

मोरूचा हात कधी कुठी असे अन् कधी नसे, हे ध्यानात ठेवा. पुढं कामाचं हाय.

खेळाडू म्हणून मोरू कसा होता? फोटोत चांगला होता. केसाले तेल, मांडीवर थाप अशी मारे का मागच्या रांगेतली बाई दचके. चढाईले जाये तं समोरच्याच्या पायाकडे ध्यान नाई, मंचावरच्या खुर्चीकडे ध्यान, कोण आलं, कोण बसलं. बोनसची रेघ शिवून पळून ये, अन् हात वर करून फिरे जसा काई वाघ मारून आला. दम संपला का पडे. पोटरी धरून लोळे. पाणी मारा, फडकं आणा, बायका म्हणत अगं बाई बिचारा, अन् हा डोळ्याच्या फटीतून पाहे का कोण म्हणून राह्यली. मी त्याच्या बाजूले वर्सानुवर्स उभा राह्यलो, मले त्याच्या पोटरीले कधी काई झालेलं माहीत नाई.

अन् बाकीचे काई साधू नव्हते. गावात उतरलो का पहिले चौकशी, जेवण काय हाय? कोंबडं असन तं फायनलपर्यंत खेळत, दोन दिवस मुक्काम. वांग्याची भाजी दिसली का मास्तरकडे पाहून मान हालवत, अन् पहिल्याच सामन्यात असे पडत जसे काई पायच नाई. तिकडं भामरागडाकडच्या एका गावातले बिचारे लोक आमाले पाहाले कुठून कुठून पायी आले होते, त्यायच्या घरी जे होतं ते त्यायनं पानावर वाढलं, आंबील अन् भात, अन् आमचे वाघ म्हणे, चला उरकवा. म्हातारे लोक होते तिथी, हात जोडून म्हणत होते, अजून एक डाव दाखवा जी. नाई दाखवला. जीप चालू करून ठेवली होती. तुमी लोक पेपरात लिहिता, खेळाडूवृत्ती. लिहा.

आता त्या फायनलचं सांगतो. आरमोरीकडच्या एका गावची मंडई होती, मोठी, अन् फायनल आमची अन् त्याच गावच्या टीमची. त्या दिवशी चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीच्या टीमसाठी माणूस पाहाले एक साहेब आले होते. उजव्या कोपऱ्याले पकड करणारा एक पाहिजे म्हणे, खाणीत पक्की नोकरी, घर, सगळं. उजवा कोपरा म्हणजे मी. साहेब सकाळी माह्याशी बोललेबी, हात पाह्यले, बोटं पाह्यली, म्हणाले संध्याकाळी भेट. मले त्या दिवशी वांगं असो का कोंबडं असो, काई फरक नव्हता. मले ती नोकरी पाहिजे होती. वर्सभर हमाल म्हणून सही कराची अन् दिवाळी ते होळी भट्टीपाशी थुंकाचं, याच्यातून सुटाचं होतं.

सामना बराबरीवर आला. शेवटची चढाई त्यायची. त्यायचा एक रेडर होता, जाडजूड, मानेचा पत्ता नाई, बैलावानी. आमची साखळी अशी, मी कोपऱ्यावर, माह्या डाव्या हातात मोरूचा उजवा हात, पुढं बाकीचे. साखळीचा कायदा साधा हाय जी. कोपऱ्याचा माणूस झेप घेते, घोटा धरते, अन् बाजूचा हात न सोडता फिरून येते, समोरून वाट बंद करते. एकट्यानं घोटा धरला तं बैल थांबत नाई, दोघायनं वाट बंद केली का थांबते. हे लहान पोट्ट्यालेबी कळते.

तो आला, माह्या अंगावरच आला, मी झेप घेतली, टाचेच्या वरचं हाड धरलं, डोळे मिटले. अन् त्याच वेळी बँड वाजला. प्रमुख पाव्हणे आले, नेते, त्यायची जीप मैदानाच्या तोंडाशी आली. मी डोळे मिटून, मले बँड ऐकू आला, पण मले काय करा लागते बँडचं? मले एवढंच कळलं का माहा डावा हात खाली झाला. मोकळा. जसा दोर तुटते. मी डोळे उघडले, तं मोरू मैदानाच्या मधात उभा राहून, दोनी हात जोडून, कंबरेतून वाकून, जीपकडे तोंड करून नमस्कार घालून राह्यला.

नमस्कार! चढाई चालू हाय, माणूस धरलेला हाय, अन् हा नमस्कार घालते!

मी एकटा. बैलानं मले ओढलं. पोटावर ओढत गेलो, छातीची साल निघाली, अंगठ्याचं नख मुळापासून गेलं, हे पाहा, अजून वाकडंच वाढते. मी घोटा सोडला नाई. त्याचा हात मधल्या रेघेले लागला, तो सुटला, चढाई संपली, तवा मी सोडला, मंग काय धरून बसू?

तुमी म्हणान, येवढ्या लोकाईनं पाह्यलं असन. कोणी नाई पाह्यलं! तेच तं सांगून राह्यलो. बँड वाजला तं अख्खं मैदान जीपकडे फिरलं. पंच फिरला. आमचे बाकीचे पाच फिरले. मास्तर तं टाचा वर करून पाहात होता. खाणीचे साहेब खुर्चीवरून उठून उभे होते, पाव्हणा आला का उठाच लागते. लोकाईनं जवा तोंड इकडं केलं, तवा काय दिसलं? रेडर आपल्या अंगणात हात वर करून उभा, अन् मी मातीत उपडा, हात रिकामे. अन् मोरू, हात तसेच जोडलेले, फिरून मले पाहाते अन् मोठ्यानं म्हणते, अरे टिका, पाय सोडला काऊन गा?

बस्स. तेवढं एक वाक्य. पाहता पाहता मैदानभर झालं, सोडला, सोडला, मंग झालं विकला, मंग झालं आदल्या दिवशीच ठरलं होतं. मी साहेबाकडे गेलो, छातीतून रगत येऊन राह्यलं, म्हटलं साहेब, कॅप्टननं हात सोडला, नमस्कार कराले. साहेब हासले. माणूस सामना विकते हे लोकाईले पटते जी, त्यात एक अक्कल दिसते. पण भर चढाईत कोणी नमस्कार घालते हे कोणाले पटन? खरी गोष्ट खोट्यापेक्षा जास्त बावळट असन तं खऱ्याले कोणी उभं करत नाई. त्या रेडरले माहीत होतं. त्याले मी विचारलं, तू तं पाह्यलं ना बावा? तं म्हणे, मी साखळी तोडून आलो. तोडून! त्याच्या गावात अजून सांगतात, चौघायले ओढत नेलं म्हणून. त्यालेबी काय पडलं हाय खरं बोलाचं.

सेठनं मिलमधून काढलं. कोणत्याच टीमनं घेतलं नाई. मंडईत गेलो का पोट्टे म्हणत, सोड्या आला रे. तेच नाव पडलं, सोड्या. अन् बायकोबी भेटली ती त्याच गावची, जिथं फायनल झाली. वच्छला. तिचे भाऊ त्या दिवशी मैदानात होते, जीपकडे तोंड करून. लग्नात साळे म्हणे, जावई चांगला हाय, आमच्या गावाले कप देल्ला. ती काई वाईट बाई नाई, पण तिची जीभ! विहिरीवर गेलो का म्हणे, दोर नीट धरा, सोडू नोका. म्हशीचं दावं हातात देल्लं का म्हणे, हे घरचं जनावर हाय, विकू नोका. मी सांगो, अगं त्यानं हात सोडला. ती म्हणे, असन. असन म्हणजे काय समजता? असन म्हणजे नाई.

अन् मोरू? मोरूले तो नमस्कार फळला. पाव्हण्यानं जीपमधून पाह्यलं ना, सगळे नुसते पाहून राह्यले अन् एक खेळाडू खेळ सोडून वाकून राह्यला. विचारलं, कोण हाय हा पोट्टा? तिथून सुरू झालं. पहिले त्यायच्या जीपच्या मागं, मंग जीपमधे, मंग सोताची जीप. आता सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीच्या रस्त्यानं त्याचे ट्रक चालतात, कबड्डीच्या मंडळाचा अध्यक्ष तोच, पोट्ट्यायले भाषण देते, जिद्द, चिकाटी, मातीशी इमान. अन् माही गोष्टबी सांगते. म्हणते, आमच्यातल्याच एकानं दगा देल्ला होता, पण मी त्याले माफ केलं. मले लोक येऊन सांगतात, भाऊ, मोरूभाऊनं तुमाले माफ केलं. मी ट्यूब पाण्यात बुडवतो अन् बुडबुडे पाहातो.

मागच्या मंडईले त्यानं जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला. त्याच गावात, त्याच मैदानावर, आता तिथी मॅट हाय. मी म्हटलं जात नाई. वच्छला म्हणे, चला, माहेर हाय माहं, अन् शाल भेटते, थंडीत कामी येईन. दुपारची एसटी धरली. तिथी पाहातो तं आमचे वाघ. एक सावली पाहून बसते, एकाले ऐकू येत नाई, मास्तर तं वारला. पोटं सुटलेली, अन् बनियनी नव्या, पाठीवर आता मोरूच्या बापाचं नाव. बाप बदलला, बाकी तेच. जेवाले काय हाय, हेबी विचारून झालं होतं.

मंग म्हणे गंमत म्हणून एक चढाई कराची. कॉलेजच्या पोरींच्या टीममधली एक पोरगी चढाई करन अन् आमी म्हातारे साखळी धरू. मी कोपऱ्यावर. मोरू आला, पांढरे कपडे, पांढरे बूट, माहा डावा हात हातात घेतला, मऊ हात, अत्तराचा वास, म्हणे टिका, धर गा घट्ट, जुने दिवस. माहा हात त्याच्या हातात होता अन् मी मनात म्हटलं, पाहू.

पोरगी आली, चपळ, नमस्कार करून आली बिचारी, पण चढाईच्या आधी. माह्या कोपऱ्यावर पाय टाकला, मी वाकलो, गुडघा बोलते माहा, तरी हात टाकला. अन् मैदानाच्या तोंडाशी सायरन वाजला, पुढं एक गाडी, मागं एक गाडी, प्रमुख पाव्हणे.

हात गेला.

काय सांगू तुमाले, मले राग नाई आला, मले हासू आलं. पडताना हासू आलं. येवढं मोठं आयुष्य गेलं, केस गेले, ट्रक आले, अन् त्या माणसाच्या हातात अजून तेवढीच अक्कल! मी मॅटवर उपडा पडलो, पोरगी पळून गेली, अन् मोरू वाकलेला, दोनी हात जोडून, गाडीकडे तोंड. अख्खं मैदान गाडीकडे तोंड. माईकवाला फिरून पाहातो तं मी पडलेला, म्हणते, अन् टिकारामभाऊनं याबी वेळी पाय सोडला! लोक हासले. टाळ्या वाजल्या. म्हणजे पुन्हा कोणी पाह्यलं नाई. पुन्हा मीच.

शाल घेतली. मोरूनंच घातली. कानात म्हणे, लागलं तं नाई ना गा? म्हटलं, नाई, सवय हाय.

परतीच्या एसटीत वच्छला खिडकीपाशी बसली होती, शाल मांडीवर. आरमोरी गेली तवा म्हणे, यानंच हात सोडला होता का तवाबी? असाच? मी म्हटलं, तुले कसं दिसलं? सगळे तं गाडी पाहात होते. म्हणे, मले काय कराचं हाय गाडीचं, मी तुमच्या गुडघ्याकडे पाहून राह्यली होती, पडान म्हणून. मंग म्हणे, येवढे वर्स सांगितलं काऊन नाई? म्हटलं, बाई, सांगतच होतो. मंग ती शाल तिनं घडी केली, बारीक घडी, अन् सीटच्या खाली पायाजवळ ठेवली. घरी आलो तं शाल नव्हती. म्हणे, राह्यली असन गाडीत. वच्छलाच्या हातून आजपर्यंत चमचा कुठी राह्यला नाई.

आता विहिरीवर गेलो का ती दोराचं काई बोलत नाई. गावात अजून सोड्याच म्हणतात, म्हणू द्या, एका माणसानं पाह्यलं, मले पुरे हाय. मोरू मोठा माणूस हाय, अजून मोठा होईन, पाव्हणे काई संपत नाई अन् त्याची कंबर काई दुखत नाई. तुमी तरुण हाय, लिहिता, फिरता, तुमाले माहा आशीर्वाद एवढाच हाय. तुमचा हात ज्याच्या हातात असन, त्याले समोरून पाव्हणा येताना कधी न दिसो.